हातचा एक आणि पितळी चक्रे

९९९९ मध्ये १ मिळवले तर किती, असे विचारले तर तुम्ही क्षणात सांगाल : १००००. पण हीच बेरीज पाटीवर मांडून अगदी सावकाश करा आणि मनात काय घडते त्याकडे लक्ष द्या. एककस्थानी नऊ आणि एक दहा, शून्य लिहिले, हातचा एक. दशकस्थानी नऊ आणि हातचा एक दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. असा तो हातचा चार घरे चालत गेला, तेव्हा कुठे उत्तर पुरे झाले. ही क्रिया आपण दुसरीत शिकतो आणि विसरूनही जातो. तीच धातूच्या चक्रांना शिकवण्यासाठी मात्र माणसाला जवळजवळ दोनशे वर्षे झगडावे लागले.

संगणकाचा इतिहास सांगायचा म्हटले की बहुधा नावांची आणि सालांची एक माळ ओवली जाते. ती पाठ केली की परीक्षेत गुण मिळतात, पण यंत्राच्या पोटात काय चालते याचा पत्ता लागत नाही. म्हणून आज आपण मुख्यतः एकच यंत्र उघडून पाहणार आहोत. ते म्हणजे इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज (१७९१-१८७१) यांचे डिफरन्स इंजिन. आपण त्याला फरकयंत्र म्हणू. बाकीची मंडळी वाटेत भेटतील.

आधी एक गंमत. 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्रापेक्षा पुष्कळ जुना आहे आणि तो माणसांसाठी वापरला जाई. आकडेमोड करणे हाच ज्यांचा पेशा, ते कॉम्प्युटर. आपल्याकडच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ सिकदार हे मुख्य कॉम्प्युटर होते. ज्याला आज आपण एव्हरेस्ट म्हणतो ते शिखर जगातील सर्वांत उंच आहे, हे त्यांच्या आकडेमोडीतून निघाले. अशा माणसांनी तयार केलेली कोष्टके जगभर वापरली जात. तुमच्या घरी कोणी अकरावी-बारावीच्या शास्त्र शाखेत असेल, तर त्याच्या दप्तरात लॉगॅरिदमची पातळ पुस्तिका सापडेल. त्या कोष्टकांच्या थोर परंपरेतले ते शेवटचे शेंडेफळ समजा.

कोष्टकात एखादा आकडा चुकला तर काय मोठेसे बिघडते? हा प्रश्न बंदरावर उभ्या असलेल्या खलाशाला विचारायला हवा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भरसमुद्रात रेखांश काढण्याची एक पद्धत अशी होती : चंद्राचे एखाद्या ताऱ्यापासूनचे कोनीय अंतर मोजायचे, आणि ते अंतर ग्रिनिचच्या कोणत्या वेळेला असायला हवे हे छापील पंचांगात पाहायचे. आता हिशेब करू. चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे २७.३ दिवसांत ३६० अंश फिरतो. म्हणजे तासाला साधारण अर्धा अंश, अर्थात ३० मिनिटे. (हे कोनाचे मिनिट, घड्याळाचे नव्हे. एका अंशाची साठ मिनिटे होतात.) तेव्हा कोष्टकात चंद्राचे स्थान अवघ्या एका मिनिटाने चुकलेले असेल, तर वेळेत सुमारे दोन मिनिटांची चूक येईल. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दोन मिनिटांत अर्धा अंश. विषुववृत्ताजवळ अर्धा अंश रेखांश म्हणजे ३० सागरी मैल, सुमारे ५५ किलोमीटर. एका आकड्याच्या चुकीने जहाज पंचावन्न किलोमीटर भलतीकडे आहे असे कप्तान समजणार, आणि रात्री अंधारात खडक कुठे आहे ते नकाशा सांगत असूनही त्याला कळणार नाही.

अशा चुका थोड्या नव्हत्या. १८३४ साली डायोनिसियस लार्डनर या लेखकाने कोष्टकांचे ४० ग्रंथ तपासले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच शुद्धिपत्रांत मिळून सुमारे ३,७०० चुका कबूल केलेल्या आढळल्या. न सापडलेल्या चुका वेगळ्याच! शुद्धिपत्रात चूक, मग त्या चुकीचे शुद्धिपत्र, मग त्यातही चूक, असाही प्रकार घडलेला आहे. कारण आकडेमोड करताना माणूस चुकतो, नक्कल करताना चुकतो, छापखान्यात खिळे जुळवताना चुकतो आणि मुद्रिते तपासतानाही चुकतो.

१८२१ मध्ये बॅबेज आणि त्यांचे मित्र जॉन हर्षेल हे दोघे खगोलशास्त्रीय कोष्टके तपासत बसले होते. दोन निरनिराळ्या गणकांनी केलेली तीच आकडेमोड शेजारी ठेवून ताडून पाहायची, असे ते काम होते. चुकांमागून चुका निघू लागल्या. वैतागून बॅबेज म्हणाले, की हे सारे वाफेच्या शक्तीने करता आले असते तर किती बरे झाले असते! तो जमाना वाफेच्या इंजिनाचा होता, म्हणून हे उद्गार निघाले. पण त्या दिवसापासून तो ध्यास त्यांना जो लागला तो जन्मभर सुटला नाही.

मात्र गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, लॉगॅरिदम इतके सारे यंत्राने करायचे कसे? बॅबेजना उत्तर मिळाले ते एका जुन्या गणिती युक्तीत. ही युक्ती समजली की यंत्र अर्धे समजले. तेव्हा येथे जरा थांबू या.

कोणतीही एक संख्या क घ्या. क × क + क + ४१ ही राशी घेऊन क च्या जागी ०, १, २, ३ असे आकडे घाला. मिळणाऱ्या किमती एकाखाली एक लिहा, प्रत्येक दोन शेजाऱ्यांमधला फरक त्यांच्या पुढे लिहा, आणि मग त्या फरकांचे फरक लिहा :

क — किंमत — पहिला फरक — दुसरा फरक
० — ४१
१ — ४३ — २
२ — ४७ — ४ — २
३ — ५३ — ६ — २
४ — ६१ — ८ — २
५ — ७१ — १० — २

शेवटच्या स्तंभाकडे पाहा. तेथे सगळीकडे २ च आहे. ही काही जादू नव्हे. ज्या राशीत क चा दुसरा घात हा सर्वांत मोठा घात असतो, तिचे दुसरे फरक नेहमी स्थिर असतात. तिसरा घात असेल तर तिसरे फरक स्थिर, आणि असेच पुढे.

आता हा फरकांचा रस्ता उलट चाला. वर्गातल्या तिघांना पाट्या घेऊन एका रांगेत उभे करा. पहिल्याच्या पाटीवर ४१, दुसऱ्याच्या पाटीवर २, तिसऱ्याच्या पाटीवर २. नियम दोनच. दुसऱ्याने आपला आकडा पहिल्याला सांगायचा आणि पहिल्याने तो आपल्या आकड्यात मिळवायचा. मग तिसऱ्याने आपला आकडा दुसऱ्याला सांगायचा आणि दुसऱ्याने मिळवायचा. तिसऱ्याचा आकडा कधीच बदलत नाही. पहिली फेरी संपली की पाट्यांवर ४३, ४, २ असे आकडे येतील. दुसऱ्या फेरीनंतर ४७, ६, २. तिसऱ्या फेरीनंतर ५३, ८, २. पहिल्याच्या पाटीवर आपले कोष्टक आपोआप तयार होत चालले आहे, आणि तिघांपैकी एकानेही गुणाकार केलेला नाही! चौघांना घेऊन ०, १, ६, ६ पासून सुरुवात करा, आणि पहिल्याच्या पाटीवर १, ८, २७, ६४ असे घन उमटू लागतील. शिक्षकांना विनंती, की हा खेळ वर्गात जरूर घ्यावा. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने होत नाही ते दहा मिनिटांत होते. कोणी बेरीज चुकला तर पुढे काय होते तेही मुलांनाच पाहू द्यावे. चूक पुढच्या प्रत्येक किमतीत जाऊन बसते. यातच एक फायदाही दडलेला आहे : कोष्टकातील शेवटची किंमत स्वतंत्रपणे काढून ताडून पाहिली आणि ती जुळली, तर मधल्या सगळ्यांवर विसंबायला फारशी हरकत नाही.

लॉगॅरिदम किंवा साइन या काही अशा सरळ घातांच्या राशी नव्हेत. पण त्यांचा छोटा तुकडा घेतला, तर तो अशा राशीने हवा तितका जवळून दाखवता येतो. लॉगची पुस्तिका उघडा. २.०० पासून २.०५ पर्यंतच्या किमती .३०१०, .३०३२, .३०५४, .३०७५, .३०९६, .३११८ अशा आहेत. फरक २२, २२, २१, २१, २२. एखाद्या खिळे जुळवणाऱ्याने .३०७५ ऐवजी .३०५७ छापले असते, तर फरक २२, २२, ३, ३९, २२ असे आले असते आणि चूक कुठे आहे ते लगेच बोट ठेवून दाखवता आले असते. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी निरीक्षणांचे आलेख काढतात, तेव्हाही मी त्यांना आधी फरक काढून पाहायला सांगतो. आलेखात न दिसणारी गडबड तेथे दिसते.

ही युक्ती माणसांकडून राबवून घेण्याचा प्रचंड प्रयोग फ्रान्समध्ये आधीच होऊन गेला होता. राज्यक्रांतीनंतर गास्पार द प्रोनी यांच्यावर लॉगॅरिदम व त्रिकोणमितीची नवी कोष्टके करण्याची कामगिरी आली. कारखान्यातल्या श्रमविभागणीची कल्पना त्यांनी गणिताला लावली. वर थोडे मोठे गणिती, त्यांच्या खाली सात-आठ जाणकार, आणि सर्वांत खाली फक्त बेरीज-वजाबाकी येणारी साठ-सत्तर माणसे. या शेवटच्या फळीत पुष्कळसे केशभूषा करणारे होते. सरदार-दरकदारांची डोकी आणि त्यांवरचे टोपच क्रांतीत गेल्याने त्यांचा धंदा बसला होता! बॅबेजना यातून एक गोष्ट लख्ख दिसली. शेवटच्या फळीतल्या माणसाला गणित कळण्याची गरज नाही. मग तेथे माणूसच कशाला हवा?

आता यंत्राकडे वळू. बेरीज करणारी यंत्रे बॅबेजच्या आधीही होती. १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ब्लेझ पास्कालने करवसुलीचे काम करणाऱ्या आपल्या वडिलांसाठी एक यंत्र बनवले. प्रत्येक स्थानाला ० ते ९ आकड्यांचे एक चक्र. चक्र ९ वरून ० वर आले की शेजारच्या चक्राला एक घर ढकलायचे, हाच आपला हातचा. पण ९९९९ मध्ये १ मिळवताना काय होईल? दात थेट दातांत अडकवलेले असतील तर एककाचे चक्र फिरवणाऱ्या बोटाला चारही चक्रे एकदम ढकलावी लागतील. दहा-वीस स्थाने असतील तर दातच मोडायचे. पास्कालने यावर एक सुंदर तोड काढली. चक्र ० कडून ९ कडे जाताना एक वजनदार खिटी हळूहळू वर उचलली जाई, आणि ९ वरून ० वर येताच ती निसटून खाली पडे व पडताना शेजाऱ्याला एक घर पुढे ढकली. ढकलण्याची ऊर्जा आधीच थोडी थोडी साठवून ठेवलेली! स्थितिज ऊर्जेचा इतका नेमका उपयोग पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांतही क्वचितच सापडेल. पुढे लायब्निट्झने पायऱ्या-पायऱ्यांचे दंडगोल वापरून गुणाकार करणारे यंत्र केले, पण हातच्याने त्यालाही छळलेच. काही वेळा तो पुढे सरकवायला माणसाचा हात लागे.

बॅबेजच्या यंत्रात आपल्या पाटीवाल्या प्रत्येक मुलाच्या जागी एक उभा खांब आहे, आणि खांबावर एकावर एक आकड्यांची चक्रे. सर्वांत खाली एकक, त्यावर दशक, त्यावर शतक. एक खांब म्हणजे एक संख्या. एका खांबावरची संख्या शेजारच्या खांबात मिळवायची असेल, तर देणाऱ्या खांबावरील प्रत्येक चक्र शून्यावर येईपर्यंत मागे फिरते. जेवढी घरे ते मागे जाते, तेवढीच घरे शेजारचे चक्र पुढे जाते. देणाऱ्याची संख्या मात्र नाहीशी होऊन चालणार नाही, पुढच्या फेरीला ती लागणार आहे. म्हणून मधली दंतचक्रे ती जणू लक्षात ठेवतात आणि काम झाल्यावर परत करतात. यंत्राची स्मृती म्हणतात ती हीच, पितळेची.

आणि हातचा? तो बॅबेजने दोन हप्त्यांत सोडवला. बेरीज चालू असताना जे चक्र ९ ओलांडून ० वर जाते ते फक्त एक खिटी बाजूला सारते. जणू बोटाला सुतळी बांधून ठेवते, की येथे हातचा द्यायचा राहिला आहे. बेरीज संपली की मग मागच्या बाजूने एक उभा दांडा फिरतो. त्याच्यावरचे हात गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकापेक्षा एक वर आणि थोडे पुढे असे बसवलेले आहेत. ते खालून वर एकामागून एक खिट्यांना भेट देतात. जेथे खिटी सरलेली असेल तेथे वरच्या चक्राला एक घर पुढे ढकलतात. ते चक्र त्यामुळे ९ वरून ० वर गेले, तर तेही आपली खिटी सारते, आणि पुढचा हात नेमका तिच्याकडेच येत असतो. ९९९९ मध्ये १ मिळवताना चार चक्रे ढकलायची आहेतच, पण एका वेळी एक. दात मोडत नाहीत. लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील यंत्राच्या मागच्या बाजूला हे हात लाटेसारखे वर चढत जाताना दिसतात, तो भाग चलच्चित्रात तरी अवश्य पाहा.

आणखी एक बाब मला हातच्याइतकीच मोलाची वाटते. चक्र तीन आणि चार यांच्या मध्येच कुठे तरी थांबले तर? पारा दोन रेघांच्या मध्ये थांबू शकतो, त्यात काही चूक नाही. पण आकड्यांच्या यंत्रात साडेतीन ही चक्राची स्थिती असूच शकत नाही. बॅबेजने दातांच्या खाचांत घुसणाऱ्या पाचरी बसवल्या. चक्र किंचित हललेले असेल तर पाचर ते जागेवर आणते. फारच हललेले असेल तर पाचर आत शिरत नाही आणि सारे यंत्र अडून बसते. खोटे उत्तर देण्यापेक्षा अडलेले बरे, असा त्याचा खाक्या आहे. आणि छपाईत चुका होतात म्हणून छपाईही यंत्रानेच करायची. उत्तराचे आकडे मऊ प्लॅस्टरमध्ये उमटवायचे आणि त्या ठशावरून छापण्याचा पत्रा ओतायचा, म्हणजे मधे माणसाचा हात लागायला नको.

१८२२ मध्ये बॅबेजने एक लहान नमुना तयार केला. वर आपण घेतलेली राशी मी उगाच निवडलेली नाही. त्या नमुन्यावर त्यांनी जी कोष्टके काढली त्यांतले एक याच क × क + क + ४१ चे होते. तीस किमती अडीच मिनिटांत निघाल्या, एकूण ८२ अंक. हे तुम्हाला पडताळून पाहता येईल : क च्या ० ते ७ साठी दोन अंकी किमती, आणि ८ ते २९ साठी तीन अंकी. या राशीची आणखी एक मौज अशी, की क च्या ० ते ३९ या सर्व किमतींना उत्तर मूळ संख्या येते. ४० ला मात्र १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग येतो आणि बिंग फुटते.

१८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने पहिले १,५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमेंट नावाचा अत्यंत कसबी यंत्रकार कामाला लागला. पूर्ण यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. एकाच मापाची शेकडो चक्रे आपोआप कापून देणारी यंत्रे तेव्हा नव्हती. एकेक चक्र जवळजवळ हातानेच घडवायचे. १८२७ या एकाच वर्षात बॅबेजचे वडील, पत्नी आणि दोन मुले वारली. ते खचून युरोपात निघून गेले, परत आले, पुन्हा कामाला लागले. १८३२ मध्ये यंत्राचा एक तुकडा, सुमारे २,००० भागांचा, जोडून तयार झाला आणि तो बिनचूक चालत असे. पण १८३३ मध्ये पैशांवरून व कामाची जागा हलवण्यावरून क्लेमेंटशी बेबनाव झाला आणि काम थांबले ते थांबलेच. तोवर सरकारचे १७,००० पौंडांहून अधिक खर्ची पडले होते. १८३१ मध्ये स्टीफनसनच्या कारखान्यात बनलेल्या एका आगगाडीच्या इंजिनाची किंमत ७८४ पौंड होती. म्हणजे सुमारे २२ इंजिनांचे पैसे! १८४२ मध्ये सरकारने राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांचा सल्ला घेतला. त्यांनी हे यंत्र निरुपयोगी ठरवले आणि सरकारने हात काढून घेतला.

एअरींना खलनायक ठरवण्याची प्रथा आहे, ती मला पटत नाही. हुशार गणकांची फौज त्यांच्या वेधशाळेत स्वस्तात काम करीत होती, आणि रोजच्या कामाला ती पुरेशी होती. पुढे स्वीडनमधील गेओर्ग शॉइट्झ आणि त्यांचा मुलगा एडवर्ड या दोघांनी बॅबेजच्या यंत्राचे वर्णन वाचून स्वतःचे फरकयंत्र बनवले. ते १८५३ मध्ये पूर्ण झाले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले, एक अमेरिकेच्या वेधशाळेने घेतले, दुसरे इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाने. पण धंदा म्हणून ते चालले नाही. तेव्हा एअरींचा हिशेब त्या काळापुरता चुकीचा नव्हता. त्यांना दिसले नाही ते हे, की यंत्र कोष्टकांपुरते थांबणार नव्हते.

दुसरा समज असा, की त्या काळी इतके अचूक भाग बनवणेच शक्य नव्हते. याची मात्र परीक्षाच झाली. १८४७ ते १८४९ च्या दरम्यान बॅबेजने दुसऱ्या, अधिक सुटसुटीत फरकयंत्राचे आराखडे काढून ठेवले होते. त्यात आठ खांब, प्रत्येकावर ३१ चक्रे, म्हणजे ३१ अंकी संख्या आणि सातव्या फरकापर्यंत मजल. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने डोरॉन स्वेड यांच्या देखरेखीखाली १९८५ पासून हे यंत्र बांधायला घेतले. भाग आधुनिक यंत्रांवर कापले, पण क्लेमेंटला साधली असती त्यापेक्षा अधिक अचूकता मुद्दाम ठेवली नाही. आराखड्यात काही किरकोळ चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. १९९१ मध्ये, बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षे पुरी होण्याच्या थोडे आधी, आकडेमोडीचा भाग चालू झाला आणि बरोबर उत्तरे देऊ लागला. छपाईचा भाग त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी जोडला गेला. एकूण ८,००० भाग, पाच टन वजन. पितळेचा काही दोष नव्हता. पैसा, भांडणे आणि एक काम पुरे होण्याआधी त्याहून चांगले सुचणे, ही खरी कारणे.

चांगले सुचले ते १८३४ नंतर. फरकयंत्राला एकच काम येते, बेरजेमागून बेरीज. बॅबेजला वाटले, काय करायचे हेच यंत्राला बाहेरून सांगता आले तर? जाकारच्या मागावर रेशमात नक्षी विणण्यासाठी भोके पाडलेली पुठ्ठ्यांची पत्रे वापरीत. जेथे भोक तेथे धागा उचलायचा. अशीच पत्रे गणकयंत्राला द्यायची. संख्या साठवण्याचे कोठार वेगळे आणि आकडेमोडीची चक्की वेगळी. आधीच्या उत्तरावरून पुढे काय करायचे हे यंत्रानेच ठरवायचे. हे अॅनालिटिकल इंजिन. १८४३ मध्ये एडा लव्हलेस यांनी त्यावरील एका लेखाचे भाषांतर करून मूळ लेखापेक्षा मोठ्या टिपा जोडल्या. त्यांत बर्नुली संख्या काढण्याच्या पायऱ्यांचे कोष्टक आहे, आणि हे यंत्र संख्यांखेरीज इतर गोष्टींवर, उदाहरणार्थ संगीतातल्या स्वरांवरही काम करू शकेल, हा विचारही आहे. यंत्र पूर्ण बांधले गेले नाही. पण हातच्यासाठी येथे बॅबेजने आणखी पुढची करामत योजली होती : कोणत्या स्थानांवर ९ आहे हे आधीच हेरून सगळे हातचे एकदम द्यायचे. आजच्या संगणकांतील बेरजेच्या मंडलांत हातचा आधीच ताडून ठेवण्याची जी रीत आहे, ती याच जातीची.

पुढची हकिगत भराभर सांगतो. भोकांची पत्रे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथने मोजणीला लावली. १९४१ मध्ये जर्मनीत कोनराड झूसे यांनी विजेच्या रिलेंवर चालणारे झेड-३ हे यंत्र केले. मग १९४५ मध्ये अमेरिकेत एनिअॅक तयार झाला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या, तीस टन वजन, आणि सेकंदाला ५,००० बेरजा. तो मुळात कशासाठी हवा होता? तोफांच्या माऱ्याची कोष्टके करण्यासाठी. पुन्हा कोष्टकेच! त्याची संख्या साठवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक अंकासाठी दहा टप्प्यांचे एक वलय. एका वेळी एकच टप्पा चालू, विजेचा धक्का आला की पुढचा, आणि ९ वरून ० वर येताच शेजारच्या वलयाकडे हातच्याचा धक्का. पास्कालचे चक्रच हे, फक्त दातांच्या जागी नळ्या. १९४९ च्या ६ मे रोजी केंब्रिजमध्ये एडसॅक या यंत्राने आपल्याच स्मृतीत ठेवलेली आज्ञावली चालवून पहिले काम केले. ते काम होते ० ते ९९ च्या वर्गांचे कोष्टक.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा संगणक स्वतः बांधला. तो १९६० मध्ये पूर्ण कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण झाले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, आणि दहा टप्प्यांच्या वलयांऐवजी दोनच अंक : ० आणि १. तेथे एक आणि एक मिळवले की लगेच शून्य येते आणि हातचा एक निघतो. त्यामुळे हातचे पुष्कळ निघतात, पण प्रत्येक स्थानाला दोनच स्थिती असल्याने 'साडेतीन'ची भानगड जवळजवळ मिटते.

आता तुमच्यासाठी एक काम. पुढील कोष्टक एका राशीचे आहे आणि तिच्यात क चा दुसरा घात हा सर्वांत मोठा आहे : २१४, २२२, २३६, २६५, २८२, ३१४, ३५२, ३९६, ४४६, ५०२. खिळे जुळवणाऱ्याने यांतील एका संख्येचे दोन अंक उलटसुलट केले आहेत. फरक काढा, फरकांचे फरक काढा आणि चूक धरा. दुसऱ्या फरकांत चूक ज्या आकाराने उमटते तो आकार नीट पाहून ठेवा. तो नेहमी तसाच असतो. तसा का, ते एकट्या चुकीचे फरक काढून पाहिले की कळेल : सगळीकडे ० लिहा, मधे एकाच जागी ९, आणि पुन्हा वजाबाक्या करा.